मक्याच्या शेतातल्या बाई

रात्री मेसवरून परत आल्यावर हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये ज्या विषयांवर हमखास भांडणं होतात, त्यांत क्रिकेट आणि प्लेसमेंटच्या खालोखाल नंबर लागतो तो बीटी कापसाचा! विदर्भ-मराठवाड्यातून आलेली मुलं आपल्याकडे भरपूर. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हापासून त्यांच्या घरच्या शेतात तोच आहे. एक पार्टी म्हणते की, एक जनुक घातलं, बाकी झाड होतं तेच आहे. दुसरी पार्टी म्हणते की, आत आणखी काय काय बिघडलं असेल कोणास ठाऊक. दोन्ही पार्ट्यांचा आवाज मोठा, पुरावा मात्र कोणाकडेच नाही.

खरं तर या भांडणाचा निदान अर्धा निकाल आता पुराव्याने लावता येतो. झाडाचा सगळा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएची सगळी अक्षरं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायची आणि आपण न ठरवता झालेले बदल त्यात शोधायचे. यालाच जीनोम सिक्वेन्सिंग म्हणतात. पण झाडाचा जीनोम ही काही दगडावरची रेघ नाही, तो आपला आपणही हलतो आणि धक्का बसला की जास्तच हलतो, ही गोष्ट जगाला प्रथम सांगणाऱ्या बाईंनी ती शोधताना डीएनएचं एक अक्षरसुद्धा वाचलेलं नव्हतं. वाचण्याची सोयच नव्हती! त्यांच्याकडे होता एक सूक्ष्मदर्शक, मक्याचं एक लहानसं शेत आणि अफाट चिकाटी. त्यांचं नाव बार्बारा मॅक्लिंटॉक. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

बार्बाराचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, हार्टफर्ड या शहरात झाला. वडील होमिओपॅथीचे डॉक्टर. चार भावंडांत ही तिसरी. जन्मतः ठेवलेले नाव एलिनॉर होते. पण मुलगी भलतीच स्वतंत्र वृत्तीची निघाली, तेव्हा आईवडिलांनीच ते नाजूक नाव बदलून बार्बारा केले. १९०८ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला राहायला आले. तिथल्या इरॅस्मस हॉल हायस्कूलमध्ये तिला विज्ञानाची गोडी लागली. शाळा संपली आणि घरात वाद सुरू झाला. मुलगी फार शिकली तर तिच्याशी लग्न कोण करणार, ही आईची काळजी! (म्हणजे या काळजीवर फक्त आपल्याकडच्या आयांचीच मक्तेदारी नाही तर.) पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून गेलेले वडील परत आले, त्यांनी मुलीची बाजू घेतली आणि १९१९ मध्ये बार्बारा कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात दाखल झाली.

कॉलेजात ती नुसती पुस्तकात डोकं घालून बसणारी मुलगी नव्हती. एका जॅझ बँडमध्ये ती बँजो वाजवायची. १९२१ मध्ये तिने आनुवंशशास्त्राचा एक कोर्स घेतला. हे शास्त्र तेव्हा अगदी नवे होते. मेंडेलचे वाटाण्यावरचे नियम पुन्हा उजेडात येऊन जेमतेम वीस वर्षे झाली होती. तो कोर्स शिकवणाऱ्या हचिसन सरांनी तिची आवड पाहून पुढच्या वर्षी तिला स्वतः फोन केला आणि पदव्युत्तर वर्गाच्या कोर्सला येऊन बसायला सांगितले. एका शिक्षकाचा एक फोन! पुढे बार्बाराबाई आपल्या आयुष्याची दिशा तिथून ठरली असे मानत. १९२३ मध्ये पदवी, १९२५ मध्ये एम.ए. आणि १९२७ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. असा त्यांचा प्रवास झाला.

आता मकाच का, असा प्रश्न पडेल. कारण मक्याचे कणीस म्हणजे एक तयार रिझल्ट शीट असते. एकेक दाणा हे एकेक अपत्य. दाण्याचा रंग पाहिला की त्याच्या आईबापाकडून काय आले ते कळते. एका कणसात शेकडो दाणे, म्हणजे शेकडो निकाल एका नजरेत! पण दाण्यावर दिसणारे गुण आणि पेशीच्या आत दिसणारी गुणसूत्रे यांची सांगड त्या वेळी कोणी नीट घातली नव्हती. गुणसूत्र म्हणजे आपण बायोलॉजीच्या तासाला ज्याला क्रोमोसोम म्हणायचो ते. मक्याच्या पेशीत त्यांच्या दहा जोड्या असतात. बार्बाराबाईंनी पेशींना रंग देऊन, काचपट्टीवर दाबून, ही दहाही गुणसूत्रे एकमेकांपासून वेगळी ओळखायची युक्ती बसवली. कोणाची लांबी किती, कोणाला कुठे गाठ आहे, हे पाहून त्यांना नंबर दिले. १९२९ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

दोनच वर्षांनी, १९३१ मध्ये, हॅरिएट क्रेटन या विद्यार्थिनीला सोबत घेऊन त्यांनी एक फार महत्त्वाचा प्रयोग केला. जोडीतली दोन गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला होता. याला क्रॉसिंग ओव्हर म्हणतात. पण प्रत्यक्ष पाहिले कोणी? बाईंनी मक्याचे असे नऊ नंबरचे गुणसूत्र निवडले, ज्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्या गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता. म्हणजे दोन्ही टोकांना आपोआप खुणा झाल्या. मग दाण्यांचे गुण जिथे जिथे अदलाबदल झालेले दिसले, तिथे तिथे सूक्ष्मदर्शकाखाली त्या खुणाही अदलाबदल झालेल्या दिसल्या. विषय संपला! ही क्रॉसिंग ओव्हरची गोष्ट जरा लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी ती पुन्हा कामाला येणार आहे.

एवढे मोठे काम करूनसुद्धा बाईंना पक्की नोकरी मिळेना. त्या काळी विद्यापीठात बाईमाणसाला प्राध्यापकी मिळणे महाकठीण होते. फेलोशिपवर त्या इकडून तिकडे फिरत राहिल्या. मिसुरी विद्यापीठात लुईस स्टॅडलर यांच्याकडे त्यांनी एक्स-रे मारलेल्या मक्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. एक्स-रेमुळे वनस्पतींत उत्परिवर्तने, म्हणजे म्युटेशन्स, होतात हे स्टॅडलर यांनी १९२८ मध्येच दाखवले होते. १९३३ मध्ये बाई फेलोशिपवर जर्मनीला गेल्या, तर तिथे नुकतीच हिटलरची सत्ता आली होती. ज्यांच्याबरोबर काम करायचे ते कर्ट स्टर्न हे ज्यू शास्त्रज्ञ देश सोडून गेले होते. त्या वातावरणात त्यांचे मन रमले नाही आणि त्या मुदतीआधीच परत आल्या. १९३६ मध्ये मिसुरीत सहायक प्राध्यापकाची जागा मिळाली, पण तिथे आपल्याला पुढे वाव नाही हे त्यांना कळून चुकले आणि १९४१ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. वय ३९, हातात नोकरी नाही!

मात्र मिसुरीतली वर्षे वाया गेली नव्हती. एक्स-रेने तुटलेल्या गुणसूत्राचे पुढे काय होते, हे त्यांनी तिथे शोधून काढले. तुटलेली टोके एकमेकांना चिकटतात, पेशी विभागताना ती पुन्हा ताणली जाऊन तुटतात, पुन्हा चिकटतात आणि हे चक्र पुढच्या पेशींतही चालू राहते. म्हणजे धक्का एकदाच बसला, तरी त्याची मोडतोड पुढे कित्येक विभाजनांपर्यंत चालते. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट आहे.

नोकरी सोडली त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर असलेल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन केंद्रात त्यांना जागा मिळाली. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने पगार दिला, शिकवण्याचं बंधन नाही आणि शेत दिलं. बाई तिथे आल्या त्या आयुष्यभरासाठीच. मे महिन्यात मका पेरायचा, उन्हाळ्यात प्रत्येक कणसाला आणि तुऱ्याला कागदी पिशवी बांधायची, भलताच पराग येऊन पडू नये म्हणून जपायचं, हव्या त्या झाडाचा पराग हव्या त्या कणसावर स्वतःच्या हाताने टाकायचा आणि हिवाळाभर सूक्ष्मदर्शक घेऊन बसायचं. कोणता दाणा कोणत्या झाडाचा, त्या झाडाचे आईबाप कोण, या सगळ्याची नोंद काटेकोर. आपल्याला एका सेमिस्टरची जर्नल्स पूर्ण करताना नाकी नऊ येतात!

१९४४ मध्ये त्या अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीवर निवडून गेल्या. हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्याच महिला. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या जेनेटिक्स सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. आणि याच सुमारास त्यांच्या शेतात ती विचित्र गोष्ट दिसू लागली.

काही झाडांत नऊ नंबरचे गुणसूत्र तुटत होते, आणि तेही दर वेळी एकाच ठिकाणी. इथे एक्स-रे मारलेला नव्हता, काही नाही. बाईंनी त्या जागेला डिसोसिएशन असे नाव दिले. ते आपल्या जिवावर तुटत नाही, दुसरा एक घटक हजर असला तरच तुटते, हेही त्यांच्या लक्षात आले. त्या दुसऱ्याचे नाव ॲक्टिव्हेटर. दाण्यांवर ठिपके दिसत होते आणि पानांवर पट्टे. काही पानांत शेजारी शेजारी असे दोन पट्टे होते की एका पेशीने जे गमावले तेच दुसरीने कमावले असावे. मग १९४८ च्या सुमारास खरा धक्का बसला. डिसोसिएशनची जागाच बदलली होती! कालपर्यंत गुणसूत्रावर इथे असलेला घटक आज तिथे सापडत होता.

हे ठिपके कसे पडतात ते सोप्या भाषेत सांगते. समजा, दाण्याला रंग देणारे एक जनुक आहे. हा भटका घटक त्या जनुकात जाऊन घुसला की जनुक बंद पडते आणि दाणा पांढुरका राहतो. पण दाणा वाढत असताना एखाद्या पेशीत तो घटक तिथून उडी मारून निघून गेला, तर जनुक पुन्हा सुरू होते आणि त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशी रंगीत होतात. उडी लवकर पडली तर ठिपका मोठा, उशिरा पडली तर बारीक. म्हणजे दाण्यावरच्या ठिपक्यांचा आकार पाहून आत कधी काय झाले हे बाई वाचू शकत होत्या. अक्षरे न वाचता केलेले हे सिक्वेन्सिंगच म्हणा ना!

१९५० मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला आणि १९५१ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिषदेत सगळ्यांसमोर मांडला. प्रतिसाद अगदी थंड! त्या काळी जनुके म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी, जागच्या जागी पक्की, अशी समजूत होती. शिवाय बाईंचे लिखाण मक्याची वंशावळ पाठ नसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जायचे. सगळ्यांनीच त्यांना खोटे ठरवले असेही नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रिंक यांच्या गटाला १९५२ मध्ये मक्यातच असा उडता घटक सापडला. पण हे मक्याचे काहीतरी खास लफडे असेल, त्याने आनुवंशशास्त्राचा पाया कशाला हलवायचा, असे बहुतेकांचे मत पडले. आणि हे घटक झाडाच्या वाढीत जनुके चालू-बंद करण्याचे काम करतात, हा बाईंचा पुढचा विचार तर कोणाला पचलाच नाही.

बाईंनी भांडण केले नाही. १९५३ नंतर या विषयावर मोठ्या नियतकालिकांत लिहिणे त्यांनी जवळजवळ थांबवले. संस्थेच्या वार्षिक अहवालात आपले निष्कर्ष देत राहिल्या. काम मात्र एक दिवस बंद केले नाही. मध्ये काही वर्षे त्यांनी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशी मक्याच्या जातींचा अभ्यास केला. १९६७ मध्ये कागदोपत्री निवृत्त झाल्या, पण प्रयोगशाळेत येणे चालूच. तोवर जगही बदलत होते. साठच्या दशकाच्या शेवटी बॅक्टेरियात असेच उड्या मारणारे तुकडे सापडले, मग माशीत, यीस्टमध्ये... आणि सगळ्यांना वीस वर्षांपूर्वीच्या मक्याच्या शेतातल्या बाई आठवल्या! १९८३ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही कोणाबरोबर विभागून नाही, एकटीला. या विभागात असा मान मिळवणारी दुसरी स्त्री आजतागायत झालेली नाही. त्या वेळी त्यांचे वय होते ८१. ही बातमी त्यांना रेडिओवर कळली, कारण घरी फोनच नव्हता.

तुम्ही म्हणाल, गोष्ट छान आहे, पण बीटी कापूस आणि सिक्वेन्सिंग राहिलं कुठे? तिथेच येते आहे. डिसेंबर १९८३ मध्ये स्टॉकहोमला दिलेल्या नोबेल व्याख्यानात बाईंनी जुन्या शोधाची उजळणी करत बसण्यापेक्षा एक नवाच विषय पुढे ठेवला. अनपेक्षित धक्का बसला की जीनोम स्वतःचीच फेरमांडणी करतो, हा त्या व्याख्यानाचा गाभा. आणि धक्क्यांच्या उदाहरणांत त्यांनी टिश्यू कल्चरचाही समावेश केला.

जीएम पीक कसे तयार होते ते पाहिले की याचे महत्त्व कळते. बहुतेक वेळा झाडाचा छोटा तुकडा घेऊन तो बाटलीत, संप्रेरके घातलेल्या माध्यमावर वाढवतात. त्याचा पेशींचा एक गोळा होतो. त्यात ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूकडून किंवा जीन गनने नवे जनुक घालतात. ज्या पेशींनी ते घेतले त्या निवडतात आणि त्यांच्यापासून पुन्हा अख्खे झाड उभे करतात. म्हणजे झाड आधी मोडले, पेशींना एकटे वाढवले, वर डीएनए तोडून त्यात परका तुकडा बसवला. धक्क्यावर धक्का!

बाईंचे म्हणणे खरे ठरायला फार वेळ लागला नाही. १९८७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवले की टिश्यू कल्चरमधून आलेल्या मक्याच्या संततीत ॲक्टिव्हेटर जागा झालेला आढळतो, मूळ झाडात तो गप्प होता तरीसुद्धा. १९९६ मध्ये जपानमध्ये हिरोचिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भातात हेच पाहिले. तिथल्या उड्या मारणाऱ्या घटकाचे नाव टॉस-१७. टिश्यू कल्चर जितके लांबवले तितक्या त्याच्या प्रती वाढत गेल्या आणि वेगवेगळ्या जनुकांत जाऊन बसल्या. लक्षात घ्या, या बदलांसाठी बाहेरचे जनुक घालावेही लागले नाही. नुसती बाटली पुरली.

मग हे सगळे तपासायचे कसे? पूर्वीच्या पद्धतींत आपल्याला ज्या तुकड्याचा संशय आहे, तोच शोधता यायचा. घातलेले जनुक किती ठिकाणी बसले एवढे कळायचे, बाकी अंधार. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे राउंडअप रेडी सोयाबीन. हे पीक अमेरिकेत १९९६ पासून शेतात होते. २००१ मध्ये बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी घातलेल्या जनुकाच्या शेजारची अक्षरे वाचली, तर तिथे कुठल्याच ओळखीच्या डीएनएशी न जुळणारा ५३४ अक्षरांचा तुकडा निघाला. बसवताना सोयाबीनच्याच डीएनएची उलटापालट झाली असावी, असा अंदाज बांधला गेला. यावरून ते सोयाबीन घातक ठरले नाही. पण पाच वर्षे शेतात उभ्या असलेल्या पिकात आपण काय घातले आणि काय झाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे सगळ्यांना कळले.

आता सिक्वेन्सिंगमध्ये अख्खा जीनोमच वाचतात. डीएनएचे कोट्यवधी तुकडे करतात, एकेका तुकड्याची साधारण दीडशे अक्षरे मशीन वाचते, प्रत्येक जागा वीस-तीस वेळा वाचली जाईल इतके तुकडे घेतात आणि मग कॉम्प्युटर ते मूळ जीनोमशी जुळवतो. कॉम्प्युटरवाल्यांनी दोन फाइल्सचा डिफ काढावा तसाच प्रकार. फक्त इथे फाइल भाताची असेल तर सुमारे ३९ कोटी अक्षरांची आणि मक्याची असेल तर सुमारे २३० कोटींची!

पण इथे दोन गोम आहेत, आणि दोन्ही ठिकाणी बार्बाराबाई भेटतात. पहिली अशी की, २००९ मध्ये मक्याचा जीनोम वाचून झाला तेव्हा त्यातला सुमारे ८५ टक्के भाग हा उड्या मारणाऱ्या घटकांचा आणि त्यांच्या अवशेषांचा निघाला. बाईंना ज्याचे ठिपके दिसले, त्याने अख्खे घरच व्यापले होते! आता कल्पना करा, सीनियरच्या झेरॉक्स नोट्स फाडून चिठ्ठ्या केल्या आहेत आणि दहातल्या आठ पानांवर जवळजवळ तोच मजकूर आहे. चिठ्ठी हातात आली तरी ती कोणत्या पानाची हे कसे ठरवणार? दीडशे अक्षरांचा तुकडा मक्यात असाच हरवतो. म्हणून हल्ली एका दमात हजारो अक्षरे वाचणारी मशीन्स वापरतात. त्यामुळे मोठ्या उलथापालथी आणि घुसलेले घटक जास्त भरवशाने दिसतात.

दुसरी गोम आहे ती तुलनेची. डिफ काढायचा, पण कशाशी? कोणत्याही झाडात दर पिढीत थोडी उत्परिवर्तने आपोआप होतच असतात. म्हणून शेजारी ठेवायला हवे त्याच बियाणाचे साधे झाड, आणि जनुक न घालता फक्त टिश्यू कल्चरमधून काढलेले झाडही. तरच कोणता बदल कोणाच्या खात्यावर मांडायचा ते कळेल. २०१८ मध्ये भातावर असाच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात क्रिस्पर या नव्या जीनोम एडिटिंग तंत्राने बदललेली झाडे पूर्ण वाचली. निष्कर्ष मोठा बोलका होता. बहुतेक बदल टिश्यू कल्चरमुळे झालेले होते. एकेका झाडात सुट्या अक्षरांचे साधारण १०२ ते १४८ बदल, शिवाय अक्षरे गळण्या-घुसण्याचे ३२ ते ८३. उलट क्रिस्परने नको त्या जागी कात्री चालवली असे, तपासलेल्या पंधरा मार्गदर्शकांपैकी फक्त एकाच्या बाबतीत आढळले, आणि त्या जागाही कॉम्प्युटरने आधीच वर्तवल्या होत्या. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, तो जवळजवळ निर्दोष आणि बाटली मात्र दोषी!

म्हणजे दुसरी पार्टी जिंकली का? तसेही नाही. बदल सापडला म्हणजे अपाय सापडला असे होत नाही. पुष्कळ बदल अशा जागी पडतात की तिथे जनुकच नसते. शिवाय जीएम झाड थेट शेतात जात नाही. चांगल्या वाणाशी त्याचा पुन्हा पुन्हा संकर करतात. दर संकरात, घातलेल्या जनुकापासून लांब असलेले निम्मे बदल गळतात. समजा, सुरुवातीला १२८ होते. सहा संकरांनंतर सरासरी उरतील २. पण हे गणित लांबच्या बदलांचे. घातलेल्या जनुकाला अगदी चिकटून असलेला बदल त्याच्यासोबतच प्रवास करतो. त्याला वेगळे करायचे तर मध्ये नेमके क्रॉसिंग ओव्हर व्हावे लागते, तेच, जे १९३१ मध्ये बाईंनी आणि क्रेटनने दाखवले होते. म्हणून सिक्वेन्सिंग करताना जनुकाच्या शेजारचा परिसर सगळ्यात बारकाईने बघायला हवा.

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. स्टॅडलर यांनी दाखवलेल्या वाटेने, म्हणजे किरणांचा मारा करून उत्परिवर्तने घडवून, जगात तीन हजारांहून जास्त वाण तयार झाले आहेत. त्यातला एक आपल्या घरचाच. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलेला टीएजी-२४ हा भुईमूग, १९९१ चा. मेसमधल्या शेंगदाण्याच्या चटणीत तो कधीतरी नक्की येऊन गेला असेल. किरणांनी झालेले सगळे बदल शोधायला अशा वाणांचा जीनोम वाचून दाखवा, असे कोणी कधी म्हटले नाही. मग वाचायचा तर सगळ्यांचाच वाचावा का, फक्त जीएमचाच का, हा प्रश्न वादाचा आहे आणि तो आपल्या दारात आला आहे. मार्च २०२२ मध्ये भारत सरकारने, बाहेरचे जनुक न उरणाऱ्या काही प्रकारच्या जीनोम एडिटिंगला जीएमच्या कडक नियमांतून वगळले आणि मे २०२५ मध्ये अशा तंत्राने तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर झाले. पुढची भांडणं कापसावरून नाही, ताटातल्या भातावरून होणार आहेत!

बार्बारा मॅक्लिंटॉक २ सप्टेंबर १९९२ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लाँग आयलंडवरच्या हंटिंग्टन इथे वारल्या. पूर्ण वाचलेला मक्याचा जीनोम पाहायला त्या नव्हत्या. पण तो वाचणाऱ्यांनी त्यांच्याकडून घेण्यासारखं अजूनही शिल्लक आहे. बाईंना ठिपक्यांचा अर्थ लागला तो प्रत्येक दाण्याचे आईबाप त्यांना ठाऊक होते म्हणून. आज मशीन एका दिवसात अब्जावधी अक्षरं ओतते, पण हे झाड कोणाचं, कोणत्या बाटलीतून आलं, त्याचं साधं भावंड शेजारी ठेवलंय का, ही नोंद नसेल तर त्या अक्षरांचा उपयोग शून्य. आणि जे सापडलं ते आपल्या समजुतीत बसत नाही म्हणून बाजूला सारायचं नाही, हेही त्यातच आलं.

तेव्हा कॉरिडॉरमध्ये पुढच्या वेळी भांडण सुरू झालं की दोन्ही पार्ट्यांना एवढंच विचारा. वाचलंय का कोणी? आणि वाचलं असेल, तर कशाशी ताडून?